तांब्याची पिकदाणी

"मग जेवलास काय?" फादरबाबांनी विचारलं.

शांतवननं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. तीन आठवड्यांत चाळीस पदार्थ झाले होते. पांढरा रस्सा झाला, मालवणी सुकं झालं, भरली वांगी झाली, पुरणपोळीसुद्धा त्यानं सोडली नव्हती. एकही पदार्थ या वाइनशी जुळला नाही.

फादरबाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे चाखलंस," ते म्हणाले. "जेवलास काय, ते विचारतोय."

...

म्हातारा आता थकला, असं शांतवनला वाटलं. चौऱ्याऐंशी वय झालं, म्हणजे एक प्रश्न दोनदा विचारला जायचाच. त्यानं उत्तर टाळलं आणि बाटलीचं बूच काढायला घेतलं.

बोरवाडीच्या मिशनच्या पडवीत दोघं समोरासमोर बसले होते. सोमवारची दुपार होती. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत चार कोंबड्या माती उकरत होत्या.

फादरबाबा मूळचे स्पेनचे. चोविसाव्या वर्षी इथे आले, आणि साठ वर्षांत एकदाच घरी जाऊन आले, तेही आई गेल्यावर. त्यांची मराठी अशी, की आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या त्यांच्याशी घासाघीस करायला कचरत. फक्त 'र' म्हणताना जीभ जरा जास्त घोळायची. बाकी माणूस पुरता बोरवाडीचा झाला होता.

शांतवन पगारे त्यांच्याच बोर्डिंगमधला. सातव्या वर्षी आला आणि दहावी होऊन बाहेर पडला. आता मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात वाइन चाखून ती कशाबरोबर द्यायची ते सांगणं, हे त्याचं काम होतं. तिथे त्याला सगळे शान म्हणत. एक वर्ष स्पेनला राहून तो ही विद्या शिकून आला होता. परीक्षेत पहिला आला म्हणून त्याला तिथे एक बक्षीसही मिळालं होतं. तांब्याची घडीव पिकदाणी. बुटकी, पसरट तोंडाची, आणि काठावर त्याचं नाव कोरलेली.

वाइन चाखणाऱ्यांची रीतच तशी असते. घोट तोंडात खेळवायचा, मनात नोंद करायची आणि थुंकून टाकायचा. दिवसाला चाळीस-पन्नास घोट गिळले, तर माणूस भरदुपारी आडवा व्हायचा. शांतवननं मात्र त्याच्याही पुढची पायरी गाठली होती. वाइनबरोबर अन्न चाखताना तो घासही गिळत नसे. पोट भरलं की जिभेची धार जाते, असं तो हाताखालच्या लोकांना सांगायचा. ते बिचारे लिहून घ्यायचे.

येत्या गुरुवारी त्याची कसोटी होती. स्पेनहून वाइन बनवणारे लोक यायचे होते आणि त्यांच्या एका दणकट तांबड्या वाइनला साजेसं मराठी जेवण त्यानं ठरवायचं होतं. ते साधलं, तर हॉटेलच्या त्या खात्याचा तो प्रमुख होणार होता. नाही साधलं, तर दिल्लीहून दुसरा माणूस येणार होता.

वाइन होती तोरोची. आणि तोरो हे फादरबाबांचं गाव.

म्हणून तो आला होता. निदान स्वतःला तो असंच सांगत होता. खरं म्हणजे त्याला फादरबाबांच्या तोंडून एकदा 'शाबास' ऐकायचं होतं. शाळेत असताना त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं, आणि पस्तिशीतही त्याला ते हवं होतं.

मिशनमध्ये आता आणखी एकच माणूस उरलं होतं, सगुणामावशी. तीस वर्षं तिनं साठ-साठ पोरांचा स्वयंपाक केला. बोर्डिंग बंद पडून नऊ वर्षं झाली. आता ती एकट्या फादरबाबांसाठी रांधायची आणि मग स्वतः जेवायची.

शांतू येतोय म्हटल्यावर तिनं तांबडा कोंबडा कापला. सगळ्या वाडीला जागं करणारा तो एकच होता. पण आठ वर्षांनी येणाऱ्या पोराला वांग्याची भाजी घालायची तरी कशी, असं तिनं फादरबाबांना विचारलं, आणि त्यांनी मान डोलावली.

सकाळी शांतवननं पडवीत बॅग उघडली तेव्हा मावशीला ती पिकदाणी दिसली. प्रवासात काळवंडली होती. तिनं काही न विचारता उचलली, आत नेली आणि चिंच-मीठ लावून अशी घासली, की आणली तेव्हा तिच्यात तिचं तोंड दिसत होतं.

हे काय लिहिलंय, तिनं बोट फिरवत विचारलं. माझं नाव, शांतवन म्हणाला. मग जप बाळा, ती म्हणाली, चर्चात अल्तारावर फुलं ठेवायला कशी शोभंल.

शांतवन नुसता हसला. ते भांडं कशासाठी आहे, हे त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याला गंमत वाटली, आणि गंमत वाटली की माणूस गप्प बसतो.

आता दुपार झाली होती. त्यानं काचेच्या दोन ग्लासांत दोन-दोन बोटं वाइन ओतली. रंग असा गडद, की ग्लासापलीकडचा हात दिसत नव्हता.

"घ्या बाबा. आधी वास घ्या. काय येतंय?"

फादरबाबांनी ग्लास नाकाशी नेला.

"तू सांग," ते म्हणाले. "मी ऐकतो."

शांतवनला तेच हवं होतं. त्यानं ग्लास फिरवला आणि सुरू झाला. पिकून फुटायला आलेल्या जांभळाचा वास, त्याच्या खाली तंबाखूच्या वाळल्या पानांचा, मग नव्या चपलेच्या चामड्याचा, आणि सगळ्यात शेवटी उन्हानं तापलेल्या दगडाचा. तिथल्या जमिनीत गोटेच गोटे, त्यामुळे वेल खोल जातात. हिवाळा हाडं गोठवणारा, उन्हाळा भाजून काढणारा, म्हणून द्राक्षाची साल जाड. आणि साल जाड, म्हणून वाइन अशी तुरट आणि दांडगी. तो दहा मिनिटं बोलत होता.

फादरबाबा डोळे मिटून ऐकत होते, दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यावं तसे.

"अजून बोल," ते मधे एकदा म्हणाले.

शांतवन बोलला. आपण गुरूलाच त्याचं गाव समजावून सांगतोय, याचं त्याला फार बरं वाटत होतं.

मावशीनं ताटं आणली. काळ्या मसाल्यातला कोंबड्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. फादरबाबांनी डोळे मिटून उपकार मानले. शांतवनचे ओठही सवयीनं हलले. मग मावशी दाराला टेकून उभी राहिली. रांधणारी बाई पहिला घास बघायला उभी राहते, तशी.

शांतवननं भाकरी रश्श्यात बुडवली. घास तोंडात घेतला, डोळे मिटले, चावला. वाइनचा घोट घेतला आणि गालांत घोळवला. मग डावीकडे वळून सगळंच्या सगळं त्या लखलखीत भांड्यात थुंकला.

"तिखट आणि तुरट भिडतायत, बाबा. दोन्ही मिळून कडू होतंय."

शेजारच्या वहीत त्यानं लिहिलं, 'कोंबडा, काळा मसाला', आणि पुढे, 'नाही'.

मावशी दारातून एक पाऊल पुढे आली.

"हाड लागलं का रं?"

"नाही मावशी. आमचं असंच असतं."

त्यानं नुसता रस्सा चमच्यानं घेतला, नुसता तुकडा घेतला. चावला, घोट घेतला, थुंकला. दोनदा.

मावशी आत गेली आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन आली. पोराला तिखट झोंबलं असणार, मुंबईत राहून सवय गेली असणार. तिनं वाटी त्याच्या हाताशी ठेवली.

गूळ बघून शांतवनला कल्पना सुचली. गोडानं तुरटपणा कमी होतो का, बघावं. त्यानं खडा तोंडात टाकला, वर घोट घेतला, क्षणभर विचार केला. आणि तो गूळही थुंकला.

...

मावशी पदराला हात पुसत आत गेली.

फादरबाबांनी अजून ताटाला हात लावला नव्हता.

"जेवा ना, बाबा."

"पाहुणा जेवला की जेवीन."

शांतवन हसला आणि उठला. मिरची निम्मी करून रस्सा पुन्हा बनवता येईल का, एवढंच त्याला मावशीला विचारायचं होतं. चार वाजेपर्यंत झाला असता, तर आजच नोंद संपली असती.

स्वयंपाकघरात मावशी पातेलं उचलून मागच्या दाराकडे निघाली होती. बाहेर वाडीतलं कुत्रं शेपूट हलवत उभं होतं.

"मावशी, कुठे निघालीस?"

"ह्याला घालते. तुला न्हाई गेलं."

"अगं, चांगलं झालंय."

"चांगलं असतं तर गिळलं असतंस की."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभी राहिली.

"माझा हात गेला, शांतू."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं, पडवीत ऐकू जाऊ नये असं. चार वर्षांपूर्वी फादरबाबांना ताप आला, आणि त्यात त्यांचा वास गेला. वासापाठोपाठ चव गेली. एकदा त्यांच्या नाकाखाली दूध करपलं, घर धुरानं भरलं, आणि हे पुस्तक वाचत बसलेले. तेव्हा तिला कळलं. ते रोज म्हणतात, सगुणा, झकास झालंय. पाण्यात मीठ घालून दिलं तरी तेच म्हणतील. त्यांना ते कुणाला सांगितलेलं आवडत नाही.

"तवापासनं अंदाजानं रांधते," ती म्हणाली. "खरं सांगणारं कुणी न्हाई. म्हटलं, शांतू येईल. त्याचं तर कामच जिभेचं. तो सांगंल... सांगितलंस."

शांतवनच्या कानशिलांतून आग निघाली. ज्याला वास येत नाही, त्याच्यापुढे आपण दहा मिनिटं वासांची यादी वाचली. आणि ते 'अजून बोल' म्हणाले.

त्यानं मावशीला समजवायला सुरुवात केली. ही धंद्याची रीत आहे. आम्ही वाइन चांगली असली तरी थुंकतो.

"चांगली असली तरी?"

"हो."

"आणि नासलेली?"

"तीपण."

मावशीनं थोडा विचार केला.

"मग करणाऱ्याला कळायचं कसं?"

"आम्ही लिहून कळवतो, मावशी."

"मला कुठं वाचता येतं, बाळा?"

...

पडवीतल्या वहीत काय लिहून ठेवलंय, ते शांतवनला आठवलं. तिला वाचता येत नाही, याचा त्याला एक क्षण आनंद झाला. आणि मग त्या आनंदाचीच इतकी लाज वाटली, की त्याला तिच्याकडे बघवेना.

त्याला बोर्डिंगची पंगत आठवली. मावशी सगळ्यांत शेवटी जेवायची. पोरं उठली की ती ताटं गोळा करायची. कुणी अर्धी भाकरी टाकली असेल, भाताचं ढेकूळ ठेवलं असेल, तर ओरडत नसे. चुलीपुढे बसून ते खायची. एका हिवाळ्यात शांतवनला कांजिण्या झाल्या होत्या आणि पंधरा दिवस त्याच्यानं काही खाववत नव्हतं. त्या पंधरा दिवसांत त्याच्या ताटातलं तिनंच खाल्लं होतं. साठ पोरांचं उष्टं खाल्लेली बाई. आणि तिनं घासलेल्या भांड्यात, तिच्यासमोर, तिनं दिलेला गूळसुद्धा तो थुंकला होता.

"वाढ मला," तो म्हणाला.

"नको रं. मन राखायला नको खाऊस. त्यानं काय कळतंय?"

बरोबर होतं तिचं. आता तो काही म्हणाला असता, तरी ते फादरबाबांच्या 'झकास'सारखंच झालं असतं. आता या बाईला खरं कसं कळणार, आणि तिचा हात तिला परत कसा मिळणार, हे त्याला समजेना. गुरुवार, स्पेनचे पाहुणे, प्रमुखाची खुर्ची, यातलं काही त्याला त्या घडीला आठवलं नाही.

त्यानं पातेलं स्वतः उचललं आणि पडवीत आणलं. मावशी मागोमाग आली आणि दारातच थांबली.

शांतवन ताटावर बसला. भाकरी मोडली, तुकडा घेतला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला.

चावू लागला. भाजलेलं सुकं खोबरं, लवंग, दगडफूल... जीभ आपल्या आपण निवडत बसली. आणि घास बारीक झाल्यावर त्याची मान आपोआप डावीकडे वळली. त्यानं वळवली नव्हती. इतक्या वर्षांची सवय होती, ती त्याला न विचारता वळली.

पिकदाणीवर एक हात होता.

फादरबाबांनी पुढे झुकून आपला तळवा तिच्या तोंडावर पसरला होता. सुरकुतलेला. याच हातानं चर्चमध्ये त्याच्या जिभेवर पहिला ख्रिस्तप्रसाद ठेवला होता.

"थुंक," फादरबाबा म्हणाले.

...

तोंडात घास तसाच. शांतवननं मान हलवली. हात हलला नाही.

"थुंक की. सवय आहे ना?"

त्यानं डोळे मिटले आणि गिळलं.

गळ्याला त्याची सवय उरली नव्हती. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. घास आत उतरताना छातीपर्यंत कळत गेला. मग थोड्या वेळानं, तोंडात काहीच उरलं नसताना, खोबऱ्याचा तो भाजका वास पुन्हा मागून वर आला. चाखण्याच्या इतक्या वर्षांत हे त्याच्या वहीत कुठेच नव्हतं.

"पुढचा," फादरबाबा म्हणाले.

दुसऱ्या घासाला मान पुन्हा वळली. हात तिथेच होता. तिसऱ्यालाही. दर घासाला त्याला त्या तळव्याकडे बघावं लागलं आणि दर घासाला लाज नव्यानं वाटली. लाजेनंही पोट भरतं का, असं त्याच्या मनात आलं. पण तसं झालं नाही. उलट भूक लागत गेली. सकाळपासून, किंबहुना तीन आठवड्यांपासून, तो उपाशीच होता.

पाचव्या घासाला मान वळली नाही.

तेव्हा फादरबाबांनी हात काढला, धोतराला पुसावा तसा झग्याला पुसला, आणि स्वतःच्या ताटातली भाकरी मोडली.

मावशी अजून दारातच होती. हाताची घडी, चेहरा कोरा. तिला अजून काहीच कळलं नव्हतं, कारण तिच्या लेखी पोरगं मन राखत होतं.

शांतवनची पहिली भाकरी संपली. त्यानं तोंड वर केलं.

"मावशी, मीठ कमी आहे."

फादरबाबांचा हात ताटात थांबला.

"किती?" मावशीनं विचारलं.

"चिमूटभर."

ती पुढे आली, वाकली, पातेल्यातला रस्सा बोटावर घेऊन जिभेला लावला. चांगला वेळ घेतला.

"व्हय की," ती म्हणाली. "सकाळधरनं मला वाटतच व्हतं. पण ईश्वास न्हाई बसत आताशा."

ती आत गेली आणि मीठ घेऊन आली. चिमूट टाकली, पळीनं ढवळलं, त्याच्या ताटात वाढलं आणि बघत राहिली.

त्यानं घास खाल्ला. गिळला.

"आता?"

"आता तुझाच हात आहे."

मावशीनं पटकन पाठ फिरवली. चुलीकडे जाताना तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि परत आली ती दोन गरम भाकरी घेऊन. एक त्याच्या ताटात टाकली. दुसरी त्यानं स्वतःहून मागितली, आणि मग ती पहिल्यांदा हसली. कोंबडा कारणी लागला, म्हणाली.

शांतवन वाइनही प्यायला, जेवता जेवता, घोट घोट गिळत. रस्सा आणि वाइन अजूनही भांडतच होती. त्याची जीभ खोटं बोलली नव्हती. फक्त आता त्याला ते भांडण मिटवायची एवढी घाई नव्हती.

फादरबाबांनी त्यांचा ग्लास सगळ्यांत शेवटी उचलला. वास घ्यायचा बहाणा आता त्यांनी केला नाही. सरळ तोंडाला लावला, मोठा घोट घेतला, तोंडात सगळीकडे फिरू दिला आणि गिळला. मग ओठ फाकवून त्यांनी शांतवनला दात दाखवले.

"बघ. काळे झाले?"

शांतवनला कळेना.

ते म्हणाले, आमच्याकडे पोरं चोरून पीत, तेव्हा आई काही विचारत नसे. ओळीनं उभं करायची आणि दात बघायची. तोरोची वाइन लपत नाही. ज्याचे दात काळे, त्याला मार.

"झाले, बाबा," शांतवन म्हणाला. "पार काळे झालेत."

"खरंच?"

"खरंच."

फादरबाबा समाधानानं मागे टेकले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस काळे दात काढून हसत होता, आणि शांतवनला रडू येत होतं.

"मला सांगितलं का नाही, बाबा? मी वासावर एवढं बोलत बसलो."

"छान बोलत होतास."

'शाबास' म्हणावं, तसंच ते होतं. इतक्या वर्षांनी, पाचशे वेळा मनात घोळवलेला तो शब्द जवळजवळ मिळाला होता, आणि आता तो घ्यायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. त्यानं खाली बघितलं.

जेवणं झाली. मावशी तिथेच, पातेलं पुढ्यात घेऊन जेवायला बसली, आणि शांतवननं तिला वाढलं. तिनं नको म्हटलं नाही. मग त्यानं पिकदाणी उचलली आणि अंगणातल्या नळाखाली नेली. आतलं सगळं झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरलं. राखेनं भांडं घासलं, दोनदा विसळलं. काठावरच्या नावाशी बोटं आली की तो दुसरीकडे बघत होता.

एसटी पाचची होती. त्यानं ग्लास गुंडाळले, उरलेली अर्धी बाटली फादरबाबांच्या शेजारी ठेवली. वही हातात घेतली, उघडली आणि तो थांबला. 'कोंबडा, काळा मसाला' यापुढचा तो एक शब्द त्यानं खोडला. पण त्याच्या जागी काय लिहायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

तो फादरबाबांच्या पायांशी बसला.

"बाबा, गुरुवारी ती माणसं विचारतील. ही वाइन कशाबरोबर द्यायची, त्यांना काय सांगू?"

फादरबाबा अंगणाकडे बघत होते. ऊन कलतं झालं होतं. नळाखाली साचलेल्या पाण्यावर चारही कोंबड्या जमल्या होत्या.

...

"ते भांडं इथंच राहू दे," ते म्हणाले.

शांतवननं बॅगेतली पिकदाणी बाहेर काढली. ती त्याच्या हातातून सुटेना.

"त्यावर माझं नाव आहे, बाबा."

"म्हणूनच."

त्यानं ती त्यांच्यासमोर ठेवली. फादरबाबांनी ती मावशीकडे सरकवली.

"सगुणा, कोंबड्यांना यात पाणी ठेवत जा. त्या दर घोटाला मान वर करतात आणि गिळतात."